शहराला चिकटलेल्या गावातली झेडपीची शाळा: कुठलं काम कुठल्या टेबलावर

जळगावातून कोणत्याही रस्त्यानं बाहेर पडा. कुसुंबा, ममुराबाद, आसोदा, शिरसोली... सगळीकडे काल-परवापर्यंत कपाशी उभी होती तिथं आता मुरमाचे रस्ते आखलेत, सिमेंटचे खांब रोवलेत आणि ‘एन.ए. प्लॉट विकणे आहे’चा फलक लागलाय. धुळ्यात अवधान, वलवाडीकडे तेच. गाव वाढलं की गावची शाळाही वाढेल, असं आपण धरून चालतो. ती वाढतेही, पण फक्त पोरांनी. शिक्षक, खोली, जागा आणि दुपारचा तांदूळ या चार गोष्टी चार वेगवेगळ्या मार्गांनी येतात, प्रत्येकीचा मुहूर्त वेगळा, आणि चौघींची मोट बांधणं हे कुणाच्याच नेमून दिलेल्या कामात नाही. गावातली मंडळी मग मुख्याध्यापकावर चिडतात. त्याच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नसतं.

नव्यानं शाळा व्यवस्थापन समितीवर आलेल्या पालकांसाठी आणि ग्रामपंचायत सदस्यांसाठी हा सगळा कारभार एका ठिकाणी मांडतो आहे.

वरून खाली

धोरण, अभ्यासक्रम आणि पैसा मंत्रालयातल्या शालेय शिक्षण विभागाचा. पुण्यात शिक्षण आयुक्त, त्यांच्याखाली प्राथमिक आणि माध्यमिकचे वेगळे संचालक. विभागाचे उपसंचालक नाशिकला बसतात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यांच्याकडे. पण प्राथमिक शाळेपुरता खरा मालक म्हणजे जिल्हा परिषद. ‘मालक’ जपून वापरलेला शब्द आहे: इमारत तिची, शिक्षक तिचे सेवक, बदली तिची. पगाराचा पैसा मात्र राज्याकडून अनुदान म्हणून येतो. त्यामुळे पद वाढवायचं तर ते जिल्हा परिषदेच्या सभेत ठराव करून वाढत नाही. इथंच बहुतेक निवेदनं फसतात. गावकरी झेडपी सदस्याकडे ‘शिक्षक द्या’ म्हणून जातात, आणि त्याच्या हातात फार तर खोलीचा आणि दुरुस्तीचा निधी असतो.

जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, ज्यांना सगळे बीईओ साहेब म्हणतात. तालुक्याचे बीट पाडलेले असतात, प्रत्येक बीटला शिक्षण विस्तार अधिकारी. बीटखाली केंद्रं, आणि केंद्रात साधारण दहा ते पंधरा शाळा. केंद्रप्रमुख हे पद १९९४ पासूनचं. कल्पना चांगली होती: एक अनुभवी माणूस, जवळच्या दहा-बारा शाळा, महिन्याला शिक्षण परिषद, वर्गात बसून मदत. आज अनेक केंद्रांचा कार्यभार एखाद्या शिक्षकाकडे ‘प्रभारी’ म्हणून असतो, म्हणजे त्याचा स्वतःचा वर्ग उघडा पडतो आणि केंद्रालाही धड वेळ मिळत नाही.

केंद्राची आखणी शाळांच्या संख्येवर झाली, पोरांच्या संख्येवर नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या केंद्रात बारा शाळा मिळून जेवढी पोरं भरतात, तेवढी शहराच्या काठावरच्या केंद्रात दोन-तीन शाळांतच असू शकतात. पद दोन्हीकडे एकच, माहिती भरायचे तक्ते दोन्हीकडे तेच. पाड्यावरच्या केंद्रप्रमुखाची दमछाक अंतरानं होते आणि काठावरच्याची गर्दीनं. माझ्या मते केंद्राची फेररचना पट धरून व्हायला हवी, पण ते सोडा.

उर्दू माध्यमाच्या शाळांची केंद्रं बऱ्याच ठिकाणी वेगळी असतात. भुसावळ, रावेर, जळगाव भागात उर्दू शाळा मोठ्या आहेत. त्यामुळे एकाच आवारातल्या दोन शाळांचे केंद्रप्रमुख वेगळे असू शकतात. तक्रार कुणाकडे करायची ते आधी विचारून घ्या.

शाळेचा अकरा आकडी नंबर

प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर युडायस (देशभरच्या शाळांची सरकारी माहितीनोंद) क्रमांक रंगवलेला असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढचे दोन जिल्ह्याचे. खान्देशवाल्यांसाठी हे सोपं आहे, कारण यादी आपल्यापासूनच सुरू होते: नंदुरबार ०१, धुळे ०२, जळगाव ०३. म्हणजे जळगाव जिल्ह्यातली कोणतीही शाळा २७०३ नं सुरू होणार. पुढचे दोन आकडे तालुक्याचे, त्यापुढचे तीन गावाचे किंवा वॉर्डाचे, शेवटचे दोन त्या गावातल्या शाळेचे.

हा नंबर निवेदनाच्या पहिल्या ओळीत लिहा. जळगाव तालुक्यात ‘जि.प. प्राथमिक शाळा’ पन्नास ठिकाणी सापडतील, या नंबरची एकच. शाळेबद्दलची जी माहिती वरच्या कार्यालयाला ‘दिसते’ ती याच नंबराखाली भरलेली असते: पट, खोल्या, शौचालयं, वीज, पाणी. तुमच्या डोळ्यांना काय दिसतं यापेक्षा तिथं काय भरलंय याला जास्त वजन आहे. समितीच्या बैठकीत मुख्याध्यापकांना त्या माहितीची छापील प्रत मागा. ती गुप्त नसते.

शिक्षक किती, हे कोण ठरवतं

संचमान्यता. शिक्षकांच्या खोलीत वर्षभर हाच शब्द ऐकू येतो. ३० सप्टेंबरच्या पटावरून त्या शाळेला किती पदं मंजूर, याचा तक्ता निघतो. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० पोरांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. १५० च्या वर पट गेला की स्वतंत्र मुख्याध्यापक. सहावी ते आठवीला ३५ मागे एक, आणि गणित-विज्ञान, भाषा, समाजशास्त्र यांना किमान एकेक. त्यापुढचा बारीक तपशील राज्याच्या शासन निर्णयांत असतो आणि तो बदलत राहतो. १५ मार्च २०२४ च्या निर्णयानं निकष पुन्हा बदलले. नवं पद पदरात पाडायला आता नुसता काठ ओलांडून भागत नाही, पट बराच चढा लागतो. वाढत्या गावाला हे जास्त झोंबतं, कारण तिथं पट हळूहळू, पाच-दहानं चढतो.

वेळेचं गणित पाहा. मजुराचं कुटुंब जूनमध्ये राहायला आलं, पोरगं १६ जूनला वर्गात बसलं. त्याची मोजणी ३० सप्टेंबरला. त्या मोजणीवरची संचमान्यता हातात यायला कित्येक महिने जातात. मग अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन (जास्तीच्या शिक्षकांना दुसऱ्या शाळांत बसवणं), मग उन्हाळ्यातल्या बदल्या, आणि जिल्ह्यातच माणसं कमी असतील तर पवित्र पोर्टलवरची भरती. पोरगं आलं त्या वर्षी त्याच्या नावाचा शिक्षक येतच नाही. पुढच्या वर्षी आला तर नशीब. तोवर आणखी एक लेआउट भरलेलं असतं.

ही झाली नियमातली दिरंगाई. हातानं ओढवून घेतलेली वेगळीच आहे.

संचमान्यतेत हजेरीपटावरची सगळी पोरं धरली जात नाहीत. ज्यांचं आधार शाळेच्या नोंदीशी जुळलं तीच धरली जातात. समजा पहिली ते पाचवीला हजेरीपटावर ९६ नावं आहेत. ९६ म्हणजे कायद्याच्या तक्त्यात चार शिक्षकांच्या ओळीत. पण आठ जणांचं आधार जुळत नाही. उरली ८८. ती तीन शिक्षकांची ओळ. पाच वर्ग, तीन माणसं, त्यातला एक प्रभारी मुख्याध्यापक, तो आठवड्यातून दोनदा पंचायत समितीत. आठ कागदांची ही किंमत आहे.

आधार का जुळत नाही, याची कारणं ठरलेली आहेत. जळगाव एमआयडीसीत डाळ मिल, चटई, पाइपच्या कारखान्यांत काम करणारी कुटुंबं मध्य प्रदेशातून, उत्तर प्रदेशातून, सातपुड्यातून आलेली. आधार तिकडं काढलेलं, नाव हिंदी वळणानं लिहिलेलं: इकडं ‘विकास’, तिकडं ‘बिकास’; इकडं बापाचं नाव मध्ये, तिकडं नाहीच. पावरा, बारेला कुटुंबांत एकाच घरातल्या दोन भावंडांचं आडनाव दोन तऱ्हेनं लिहिलेलं आढळतं. जन्मतारीख १ जानेवारी, कारण आधार काढताना दाखला नव्हता. मुलीपुढे ‘पुरुष’ पडलेलं. यातली एक गोष्ट चुकली तरी संगणक नाकारतो.

दुरुस्त कुठं करायचं? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये (दाखल पोरांच्या मूळ नोंदवहीत) मुख्याध्यापक स्वतःच्या मनानं खाडाखोड करू शकत नाही. त्याला वरची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून रजिस्टर जन्मदाखल्याप्रमाणे बरोबर असेल तर आधार दुरुस्त करणं लवकर होतं. आणि पहिलीला दाखल करतानाच नाव ऐकून न लिहिता जन्मदाखल्यावरून अक्षर न् अक्षर उतरवलं, तर पुढची सगळी कटकट वाचते. प्रवेशाच्या दिवशी एका टेबलावर नीट वाचणारा एक माणूस बसवा, बस्स.

अजून एक मेख. पाच वर्षांखालच्या लेकराचं आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं आणि पाच पूर्ण झाल्यावर ठसे देऊन ते अद्ययावत करावं लागतं. पहिलीचं पोर नेमकं त्याच वयात असतं. पाच ते सात वर्षांत हे मोफत होतं. समितीनं जुलैमध्ये शाळेतच आधारचं शिबिर मागून घेतलं तर निम्मी यादी तिथंच मोकळी होते. मात्र आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणूनही नाही. कायदा तसं म्हणतो. आधार मोजणीसाठी आहे, दारातून आत येण्यासाठी नाही.

दुसऱ्या गावच्या शाळेतून आलेल्या पोराचं वेगळं. युडायसच्या विद्यार्थी नोंदीत त्याचा कायमचा क्रमांक असतो. जुन्या शाळेनं त्याला आपल्या यादीतून मोकळं करून ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकलं की नवी शाळा तो क्रमांक आणि जन्मतारीख घालून त्याला आपल्याकडे ओढते. जुन्या शाळेनं सोडलं नाही तर पोरगं बसतं इथं आणि मोजलं जातं तिथं. सोडत का नाहीत? कारण त्यांचाही पट काठावर असतो, एक पोरगं गेलं की त्यांचं पद जातं. अशा वेळी फोनाफोनी करत बसू नये. विनंती पोर्टलवर पाठवावी, तिची तारीख टिपून ठेवावी आणि पंधरा दिवसांत हालचाल नाही झाली तर यादी केंद्रप्रमुखामार्फत बीईओंकडे लेखी द्यावी. जुनी शाळा दुसऱ्या तालुक्यातली असेल तर दोन्ही बीईओंना प्रत.

ऊसतोडीला किंवा गुजरातकडे गेलेल्या घरांतल्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. पोर ज्या गावी जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून बसायचं. काठावरच्या शाळांत ही वर्दळ दिवाळीनंतर दिसते, म्हणजे ३० सप्टेंबर उलटून गेल्यावर. ती पोरं मोजणीत तुमची नसतात, ताटात आणि वर्गात मात्र असतात.

बदल्यांची गंमत निराळीच. शहराला लागून असलेली शाळा म्हणजे सगळ्यात पसंतीची, जळगावात घर आणि दहा मिनिटांत शाळा. अवघड क्षेत्रातून, म्हणजे दुर्गम भागातल्या शाळेतून, आलेला शिक्षक पसंतीक्रमात तीच भरतो. पण बदली रिक्त पदावर होते आणि गर्दीच्या शाळेत कागदोपत्री रिक्त पदच नसतं. पंचेचाळीस पोरांचा वर्ग आहे, यायला माणूस तयार आहे, आणि जागा नाही! मग तात्पुरती प्रतिनियुक्ती मागितली जाते. ती मिळते तेव्हा दुसऱ्या एखाद्या शाळेतला माणूस उचललेला असतो, हे मागताना लक्षात असावं.

खोली

शिक्षकासाठी एक फाईल लागते, खोलीसाठी तीन. पैसा समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येऊ शकतो, जिल्हा नियोजन समितीतून, आमदार निधीतून, वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीकडून, नाहीतर एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून. कोणताही असो, आधी तीन कागद तयार लागतात: जागा जिल्हा परिषदेच्या किंवा शाळेच्या नावे असल्याचा उतारा, अभियंत्याचं अंदाजपत्रक, आणि जुनी खोली पाडायची असेल तर निर्लेखनाचा (खोली मोडीत काढण्याचा) आदेश. पहिला कागद सर्वांत जास्त अडतो. जुन्या गावठाणातली शाळा कुणी तरी दान दिलेल्या जागेवर साठ-सत्तर वर्षं भरते आहे, पण उताऱ्यावर अजून त्या माणसाचंच किंवा त्याच्या वारसांचं नाव. जागेला भाव नव्हता तोवर कुणी विचारलं नाही. आता प्लॉटचा भाव चढला आणि वारस जागे झाले. तुमच्या शाळेचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा सातबारा आजच काढून बघा. निधी आल्यावर शोधायला गेलात तर मार्च उलटतो.

निर्लेखनाची गोष्ट. खोली धोकादायक आहे म्हणून कुलूप लावलं, पोरं व्हरांड्यात बसवली, इथवर सगळे करतात. पण युडायसमध्ये ती खोली ‘किरकोळ दुरुस्ती’च्या रकान्यात राहिली, तर वरच्या हिशेबात शाळेकडे खोल्या पुरेशा आहेत. दरवर्षी माहिती भरताना खोल्यांची स्थिती खरी भरली जाते का, हे समितीनं पाहायला हवं. अभियंत्याची पाहणी लेखी मागा, त्याचा अहवाल मिळाला की निर्लेखनाचा प्रस्ताव लगेच लावा. पाडल्याशिवाय नव्या खोलीला जागा नाही आणि आदेशाशिवाय पाडता येत नाही.

बांधकामाबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडची जमीन. तापी-गिरणा काठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात-हात भेगाळते. वरवर पाया खणून बांधलेल्या खोलीला दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग पडते. काळी माती काढून मुरमापर्यंत जायला हवं, जोत्याला आरसीसीचा पट्टा हवा, आणि भिंतीला लागून चहूकडे उताराचं काँक्रीट हवं, म्हणजे छपराचं पाणी पायात मुरणार नाही. हे शेवटचं काम अंदाजपत्रकात असतं आणि घाईत हमखास राहतं. काम चालू असताना समितीच्या कुणी तरी खणलेला पाया भरण्याआधी पाहावा, फोटो काढावा. नंतर पाहायला काही उरत नाही.

आणि पत्रे नकोत. मे महिन्यात शाळा बंद असते हे खरं, पण मार्च-एप्रिलमध्येही जळगाव-भुसावळचं ऊन पत्र्याखाली बसू देत नाही. म्हणून तर सकाळची शाळा भरते. जुनी धाब्याची घरं उन्हाळ्यात गार राहायची, पत्र्याच्या खोलीत अकराच्या सुमाराला पोरं पेंगतात. पत्र्यावाचून गत्यंतर नसेल तर आतून छत आणि समोरासमोर खिडक्या एवढं तरी मागा.

खोल्या अपुऱ्या पडल्या की दोन सत्रांत शाळा भरवतात, अर्धे वर्ग सकाळी, अर्धे दुपारी. त्यानं खोलीचा प्रश्न झाकला जातो आणि शिक्षकाचा उघडा पडतो. आहार शिजवणाऱ्या ताईंची वेळही दुप्पट होते. वर्षभरापलीकडे हा उपाय ताणू नये.

नव्या कॉलनीत नवी शाळा का होत नाही

नियम सांगतो, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. नकाशावर कॉलनीपासून गावातली शाळा नऊशे मीटर भरते. मध्ये महामार्ग असतो. सुरत-नागपूर महामार्ग चौपदरी झाला, पाळधी ते तरसोद वळणरस्ता निघाला, आणि पायी जाणाऱ्या पोराचं अंतर पुलाच्या किंवा बोगद्याच्या जागेप्रमाणे बदललं. मोजणी रस्त्यानं चालत करून लेखी मागा. सरळ रेघेचं अंतर मान्य करू नका. अंतर खरोखर जास्त निघालं आणि शाळा देता येत नसेल, तर प्रवास भत्त्याची तरतूद आहे, समग्र शिक्षातून वर्षाला एका मुलामागे ६,००० रुपयांपर्यंत.

जागेचा घोळ वेगळा. ‘लेआउटमध्ये ओपन स्पेस आहे ना, बांधा शाळा’ असं ग्रामसभेत हमखास ऐकू येतं. ती खुली जागा रहिवाशांच्या खेळा-विसाव्यासाठी सोडलेली असते, तिच्यावर शाळा उठवता येत नाही. शाळेसाठी हवा असतो सुविधा भूखंड (लेआउटमध्ये सार्वजनिक सोयींसाठी सोडलेला), किंवा विकास आराखड्यात आरक्षण, किंवा सरकारी जमीन. गायरानाचं देणंघेणं २०११ पासून कडक झालंय. सार्वजनिक कामासाठीही वरची मंजुरी लागते. छोटे-छोटे लेआउट तुकड्यातुकड्यानं मंजूर करून घेतले तर सुविधा भूखंड सोडण्याची वेळच येत नाही. वीस एकरांवर घरं होतात आणि शाळेला गुंठा मिळत नाही, त्याचं कारण बहुतेकदा हेच. ग्रामपंचायतीनं मंजूर रेखांकनाची प्रत नगररचना कार्यालयातून मागून दप्तरी ठेवावी, भूखंड विकला जाण्याच्या आत.

बंगला बांधणाऱ्या घरातली पोरं तशीही पिवळ्या बसनं स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी शाळेत जातात. अशा शाळांसाठी २०१२ चा वेगळा कायदा आहे. त्यामुळे घरं वाढतात त्या प्रमाणात झेडपीचा पट वाढेलच असं नाही. तो बांधकामावरच्या, कारखान्यांतल्या, भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांमुळे वाढतो. नव्या शाळेच्या प्रस्तावात लेआउटमधल्या घरांची संख्या देऊन उपयोग नाही. सहा ते चौदा वयाच्या पोरांची नावानिशी यादी, ती आत्ता कुठं जातात यासह, लागते. काही गावांनी सेमी इंग्रजी सुरू केल्यावर पोरं परत आली हेही खरं. त्याला व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो आणि गणित इंग्रजीतून शिकवू शकणारा शिक्षकही लागतो. दुसऱ्याशिवाय पहिलं करू नये.

घरात अहिराणी, पावरी नाहीतर भोजपुरी, वर्गात पुस्तकी मराठी, गणित इंग्रजीतून. पहिलीच्या बाईंचं काम काय असतं ते यावरून ओळखा.

सातवीनंतर

झेडपीच्या बऱ्याच शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल बहुतेक खासगी संस्थेचं, अनुदानित. खान्देशात ही परंपरा जुनी आहे, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचं नाव तर साने गुरुजींमुळे राज्यभर माहीत. तिथं अधिकारी बदलतो: शिक्षणाधिकारी (माध्यमिक), पगार वेतन पथकातून, परीक्षा नाशिक विभागीय मंडळाची. तुकडी वाढवण्याचा प्रस्ताव संस्था करते. पाचवी आणि आठवीचा वर्ग नेमका कुणी ठेवायचा यावर झेडपी आणि संस्था यांची ओढाताण सगळीकडे आहे; दोघांनाही पद वाचवायचं असतं.

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत मिळणाऱ्या पंचवीस टक्क्यांच्या मोफत प्रवेशाबद्दल एवढंच: २०२४ मध्ये राज्यानं जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती, ती मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत रद्द केली. त्यामुळे अर्ज करायचा.

गाव महापालिकेत गेलं तर

जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिका २००३ च्या. धुळ्याची हद्द २०१८ मध्ये वाढली आणि आजूबाजूची गावं शहरात आली. ग्रामपंचायत एका अधिसूचनेनं संपते, शाळा तशी हलत नाही. इमारतीची, जागेची, सामानाची यादी, शिक्षकांनी कुठल्या आस्थापनेवर राहायचं याचा निर्णय, मग शासनाचा आदेश. झेडपीच्या शिक्षकाची ज्येष्ठता जिल्ह्याची असते, मनपाची आस्थापना निराळी, आणि मनपाच्या शिक्षकांच्या पगारात मनपाचा स्वतःचा वाटा असतो. तिजोरीत खडखडाट असलेली पालिका हस्तांतरणाची घाई का करेल? मधल्या काळात वीजबिल कुणी भरायचं, आवार कुणी झाडायचं, नळाचं कनेक्शन कुणी द्यायचं असे प्रश्न उरतात. आधी हे ग्रामपंचायत बघत होती. अशा शाळेच्या समितीनं पहिल्याच महिन्यात वीज, पाणी आणि सफाई या तीन गोष्टींसाठी मनपा आयुक्त आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी या दोघांना एकाच मजकुराचं पत्र द्यावं. वेगवेगळी पत्रं दिलीत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

ताटातला हिशेब

पोषण आहारात पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. खालच्या वर्गांत २४० आणि वरच्यांत ११० पोरं असतील तर रोज २४ अधिक साडेसोळा, साडेचाळीस किलो. मागणी आधीच्या हजेरीवरून गेलेली असते. जून-जुलैत पन्नास पोरं वाढली तर महिनाअखेरीस पिंप तळाला जाणार. मागणीपत्रात नव्या प्रवेशांचा आकडा वेगळा दाखवायला सांगा. रोजची हजेरी ॲपवर त्याच दिवशी भरली गेली नाही तर ती पोरं जेवली नाहीत असं धरलं जातं, आणि पैसे कापले जातात ते इंधन-भाजीचे.

शाळेला मिळणारं संयुक्त अनुदान पटावर ठरतं: ३१ ते १०० ला २५,००० रुपये, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,०००. म्हणजे २६० पोरांच्या शाळेला जेवढं, तेवढंच ९०० च्या. यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, दुरुस्ती, वीजबिल. डिजिटल फळा लोकवर्गणीतून येतो आणि बिल थकल्यावर धूळ खातो, त्याचं गणित इथं आहे.

समितीनं कधी काय करायचं

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात, मुख्याध्यापक सचिव, बैठक महिन्याला. बहुतेक ठिकाणी इतिवृत्त घरी सहीला जातं. तेवढं बंद झालं तरी पुष्कळ.

एप्रिल-मे: वस्तीतल्या सहा वर्षांच्या पोरांची यादी, भाड्याच्या खोल्या धरून. पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं पोर चालतं. जून: कागद बघून नावं उतरवणं. जुलै: आधारचं शिबिर, बाहेरून आलेल्यांच्या विनंत्या. ऑगस्टच्या बैठकीत न जुळलेल्यांची यादी नाव, कारण, काय केलं अशा तीन रकान्यांत वाचून दाखवायची. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा. ३० तारखेनंतर जे राहिले ते वर्षभरासाठी राहिले. त्यांची यादी समितीच्या ठरावासह केंद्रप्रमुखांकडे द्यायची, पोच घ्यायची, प्रत बीईओ आणि शिक्षणाधिकाऱ्यांना. संचमान्यता हातात आली की त्यातला आकडा आणि ठरावातला आकडा शेजारी ठेवायचा. फरक निघाला तर हरकत घ्यायला ही पोच लागते. नुसतं ‘पोरं जास्त आहेत हो साहेब’ म्हणून गेलात तर चहा मिळतो.